दोघातिघांत मिळून वावर घेताना व्यवहार कसा बांधावा

"भाऊ, आपल्याआपल्यात कायले लिहा लागते?" सामाईक वावर घेताना हे वाक्य हमखास येतं, आणि बहुतेक वेळा ज्याचे पैसे सगळ्यात कमी लागलेत तोच ते म्हणतो. विकणाऱ्याशी खरेदीखत सगळेच करतात, कारण त्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही. घेणाऱ्यांचा आपसातला कागद मात्र कोणी करत नाही. भांडण निघतं ते तिथूनच.

हिंगणघाटकडचं सहा एकर कोरडवाहू वावर समजा. किंमत 48 लाख. गावातल्या भावाने 24 लाख घातले, नागपूरला नोकरी करणाऱ्या भावाने 21 आणि साळ्याने 3.

आधी पाहायचं ते हे, की तिघांनाही शेतजमीन घेता येते का. विदर्भाला कुळवहिवाटीचा 1958 चा वेगळा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नागपूरच्या भावाचं नाव बापाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून चढलेलं असेल तर तो उतारा जोडला की झालं. साळ्याकडे कुठलाच सातबारा नसेल तर मात्र अडचण आहे. मग कोणीतरी सुचवतो, "पैसे तुझे, नाव माझं." हा बेनामी व्यवहार झाला. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि जमिनीच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आहे. साळ्याचे पैसे हवेच असतील तर ते बँकेतून, उसने म्हणून, परतफेडीच्या तारखेसह लिहून घ्यावेत. रोख नको. उसनवारी असो की जमिनीचा इसार, वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर आयकरवाले तेवढाच दंड लावू शकतात.

साळाही शेतकरी निघाला, असं धरून पुढे जाऊ.

आता विकणाऱ्याचे कागद. सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि मागचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. नावापुढे ए.कु.मॅ. असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदलेला आहे, एकटा मालक नाही. त्याचे भाऊ आणि बहिणी सगळ्यांच्या सह्या लागतील. बहिणींना "त्यांचं काय, त्या तर दिल्या घरी" म्हणून वगळलेले व्यवहार नंतर कोर्टात अडकतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का, तेही पाहा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन, असेल तर परवानगी लागते. मूळ मालक आदिवासी असेल तर बिगरआदिवासीला तो व्यवहार शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय करताच येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटात हे आधी बघायचं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आणखी एक शब्द शोधा, झुडपी जंगल. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमिनीच धरल्या आहेत, म्हणून अशी नोंद असलेला गट कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका.

इसार देण्याआधी मोजणी मागवा. धुरा (बांध) कुठे आहे हे शेजाऱ्यासमोर ठरू द्या. पांदण, म्हणजे वावरात जायचा रस्ता, नकाशावर आहे की फक्त जाण्यायेण्याची वहिवाट आहे, हे पावसाळ्यात एकदा बैलगाडी नेल्याशिवाय कळत नाही.

हिस्सा खरेदीखतातच लिहून घ्यायचा, हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. नुसती तीन नावं घातली तर सातबाऱ्यावर क्षेत्र सामाईक राहतं. कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसला तर कायदा तिघांचे वाटे सारखे धरतो. म्हणजे 3 लाखवाल्याला दोन एकर. आपल्या हिशेबाने गुंठ्याला 20 हजार पडले, म्हणून वाटे असे लिहा: 120 गुंठे, 105 गुंठे, 15 गुंठे. इथे साळ्याची दुसरी अडचण निघते. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा वेगळा पाडता येत नाही. त्याचे 15 गुंठे कागदावर त्याचे राहतील, पण कोरडवाहू म्हणून धुरा घालून वेगळे पडायचे नाहीत. हे त्याला आजच सांगा. एक तर त्याने आणखी एक लाख घालावा, नाहीतर त्याचा वाटा पुढे दोघांपैकी कोण आणि काय किमतीला घेईल ते ठरवावं.

ती किंमत ठरवणं हाच आपसातल्या करारनाम्याचा गाभा. कोणाला बाहेर पडायचं असेल तर पहिला हक्क उरलेल्या दोघांचा, भाव त्या वर्षीच्या रेडीरेकनरला (सरकारी दराला) धरून की तिघांनी मान्य केलेल्या माणसाने सांगितलेला, आणि पैसे किती महिन्यांत, हे सगळं लिहा. कोणी वारला तर त्याच्या वारसांनाही हेच लागू, असंही घाला. नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका. जमिनीतला हक्क बांधणारा कागद नोंदवलेलाच हवा. "मग हक्कसोड करू, स्वस्तात होते" असं कोणी म्हणेल. ती सवलत वडिलोपार्जित जमिनीत, जवळच्या नातलगाला, मोबदला न घेता सोडली तर असते. विकत घेतलेल्या जमिनीत नाही.

आणि विहीर! माझ्या वडिलांनी मावसभावासोबत घेतलेल्या वावरात वाटे नीट झाले, पण विहीर काकांच्या बाजूला गेली. पाण्याची पाळी तोंडी होती. वीजजोडणी एकाच्या नावावर, बिल दुसऱ्याने भरायचं. तुरीला पाणी द्यायच्या दिवसांत दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं ते संक्रांतीपर्यंत. म्हणून विहीर, पंप, पाइपलाइन, धुऱ्यावरची सागाची झाडं, सगळ्यांचे वाटे लिहा; पाळीचे वार लिहा. वावर कोण वाहणार तेही लिहा. गावातला भाऊ ठोक्याने (ठरलेली रक्कम देऊन) वाहणार की बटईने (पिकाचा वाटा देऊन), आणि पीककर्ज काढताना बाकीचे दोघे संमतीपत्र देणार का? उद्या रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला याच वाट्यांनी, ही एक ओळ विसरू नका. समृद्धी महामार्गाच्या वेळी सामाईक खात्यांवर काय झालं, ते वर्ध्यापासून बुलडाण्यापर्यंत कोणालाही विचारा.

खरेदीखतावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत ते नोंदवायला लागतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30 हजार, मुद्रांक वेगळा. मग फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. फेरफार मंजूर झाल्यावर नवीन सातबारा काढा आणि नावांपुढचं क्षेत्र स्वतः वाचा. तिन्ही नावं एका कंसात आणि पुढे सगळं सामाईक असं आलं असेल, तर त्याच आठवड्यात खरेदीखताची प्रत घेऊन दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.