वायरमनकाका वर्गात येणार असतील तर

‘आपले मदतनीस’ शिकवायची वेळ आली की भिंतीवर पोस्टमन-पोलिसांची चित्रं लागतात, वेशभूषा स्पर्धा होते आणि विषय आटोपतो. त्या माणसाच्या हातात काय कसब आहे, हे मुलांना दिसतच नाही. त्यापेक्षा तिसरी ते पाचवीच्या वर्गात गावातला एक कर्मचारी चाळीस मिनिटांसाठी बोलवावा. एका वेळी एकच. चौघांना एकत्र बोलावलं की सत्कार समारंभ होतो.

पोलीस आणि अग्निशमन दलाचं आकर्षण मुलांना असतंच. आधी वायरमन, नळाला पाणी सोडणारे जलसुरक्षक, पोस्टमन, आशाताई, घंटागाडीवरचे काका यांचा विचार करावा.

तोंडी आमंत्रण पुरत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वरिष्ठांना द्यावं: वायरमनसाठी शाखा अभियंत्यांना, आशाताईंसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोस्टमनसाठी पोस्टमास्तरांना, जलसुरक्षकांसाठी ग्रामपंचायतीला. पत्र नसेल तर ‘ड्युटी सोडून शाळेत काय करत होतात?’ हा प्रश्न त्यांनाच ऐकावा लागतो. वेळ त्यांच्या सोयीची ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडावर वायरमन, लसीकरणाच्या दिवशी आशाताई आणि सकाळी पाणी सोडायच्या वेळी जलसुरक्षक मोकळे नसतात. आशाताईंना बराचसा मोबदला केलेल्या कामानुसार मिळतो, त्यामुळे त्यांचा अर्धा दिवस खाऊ नये.

चाळीस मिनिटांतली पाच ओळखीला, पंधरा प्रात्यक्षिकाला, पंधरा प्रश्नांना आणि उरलेली चहा-निरोपाला. शिक्षकांचं प्रास्ताविक लांबलं की प्रात्यक्षिक कापलं जातं, म्हणून ते दोन वाक्यांत उरकावं. पाहुण्यांना ‘भाषण करा’ म्हणू नये, बरेच जण तिथेच अवघडतात. ‘कामाची हत्यारं घेऊन या’ एवढंच सांगावं.

वायरमनकाकांनी हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि अर्थिंग रॉड आणला तर एकच प्रश्न पुरतो: खांबावर चढण्याआधी काय काय करता? वीज उपकेंद्राकडून परमिट म्हणजे कामाची परवानगी घेणं, लाईन बंद करणं, ती खरंच बंद आहे का हे तपासणं, मग तारांना अर्थिंग करणं म्हणजे त्या जमिनीशी जोडणं, हा क्रम मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावा. बंद लाईनला पुन्हा अर्थिंग कशाला, हे जरूर विचारायला लावावं. कुणाच्या तरी जनरेटरमधून किंवा चुकीच्या जोडणीतून वीज उलटी तारेत येऊ शकते, म्हणून. शिस्त म्हणजे काय, ते इथं वेगळं सांगावं लागत नाही. वर्गात कुठलीही वायर जोडून दाखवायची नाही.

जलसुरक्षक ओटी टेस्ट दाखवू शकतात: नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळसर होतं. ते द्रावण विषारी आहे. मुलांनी फक्त बघायचं आणि तपासलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं. पोस्टमनसाठी वीस पाकिटं तयार ठेवावीत, त्यातली पाच-सहा मुद्दाम चुकीच्या किंवा अर्धवट पत्त्यांची. पिनकोडचा पहिला अंक विभाग सांगतो, महाराष्ट्र-गोव्यासाठी ४. शेवटचे तीन अंक टपाल वाटणाऱ्या पोस्टापर्यंत नेतात. ही पद्धत १९७२ साली सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी, असा हा दुर्मीळ मेळ.

प्रश्न आदल्या दिवशी काढून घ्यावेत, सहा-सात पुरेत. ‘पगार किती?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मुलाला रागावू नये. ‘ते काकांना सांगावंसं वाटलं तर सांगतील’ म्हणून पुढे जावं.

घंटागाडीच्या भेटीला सगळ्यात जास्त तयारी लागते. ‘अभ्यास नाही केलास तर कचरा उचलायला लागेल’ हे वाक्य मुलं घरून ऐकून आलेली असतात. त्यामुळे आदल्या आठवड्यातच ‘कचरेवाला आला’ऐवजी ‘घंटागाडीवाले काका आले’ ही सवय लावावी. आडनाव किंवा जात विचारली जाणार नाही, हे स्पष्ट सांगावं. चहा शिक्षक पितात त्याच कपात, शिक्षकांच्या शेजारी बसून. काकांचं मूल त्याच वर्गात असेल तर त्याला एकटं गाठून आधी विचारावं. नको म्हणालं तर दुसऱ्या वर्गात भेट ठेवावी. गटारात उतरण्याचा प्रश्न निघालाच, तर सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, हे शिक्षकांना ठाऊक हवं.

भेटीनंतर आभारपत्रांचा ढीग नको. मुलांनी घरी एक बदल करून दाखवावा आणि तो आठवडाभर वहीत नोंदवावा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून सुक्या कचऱ्यात वेगळी द्यायची. पिशवीत सुटी टाकली की हातमोज्यातूनही कापते. संक्रांतीत तारेवर अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही. पाकिटावर पिनकोडचे सहाही अंक सुटे आणि ठसठशीत लिहायचे.

फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पाहुण्यांना विचारावं. गणवेशातला फोटो कधी कधी त्यांच्याच अंगाशी येतो. वर्गातर्फे एक पत्र मात्र वरिष्ठांना पाठवावं, कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव, तारीख आणि मुलांना त्यांनी नेमकं काय शिकवलं ते लिहून, आणि त्याची प्रत त्या कर्मचाऱ्याच्या हातात द्यावी.