पोळ्यानंतरचा ताप: ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणताना या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालात मारबतीचा पुतळा मिरवताना ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते, आणि नेमकं त्याच सुमारास नागपुरातल्या दवाखान्यांत बसायला बाकडं मिळत नाही. डासांमुळे होणारे डेंग्यू-चिकुनगुनिया आणि खोकल्या-शिंकांतून पसरणारे फ्लू, कोविड एकाच वेळी ठाण मांडून बसतात. हे जुनंच आहे. १९६५ साली इथे डेंग्यू-चिकुनगुनियाच्या साथीचा तपास चालू असताना रुग्णांच्या रक्तात तिसराच विषाणू सापडला आणि त्याला चांदीपुरा गावाचं नाव मिळालं.

शेजाऱ्याच्या रिपोर्टवरून आपल्या तापाचं निदान करणं. समोरच्या घरात डेंग्यू निघाला म्हणून आपलाही तोच, किंवा खोकला आहे म्हणजे डेंग्यू नाहीच, हे दोन्ही अंदाज फसतात. नाक गळणं, घसा धरणं याचा कल फ्लूकडे. डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ याचा डेंग्यूकडे. सांधे आखडून उठता-बसता येईना, तर चिकुनगुनियाकडे. पण हा फक्त कल. एकाच माणसाला यातले दोन आजार एकदम होऊ शकतात. शेतात किंवा झुडपांत वावर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. विदर्भात झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफसही आहे आणि त्याचं औषध अगदी वेगळं.

ताप कधी चढला ते न लिहिणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण पुढचं सगळं या तारखेवर चालतं. डेंग्यूची एनएस१ तपासणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत कामाची, त्यानंतर आयजीएम (शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). सातव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं होत नाही. फ्लूचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेही यांनी तर थांबूच नये. आणि डेंग्यूचा खरा धोका साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतो तेव्हा. घरचे म्हणतात, ‘बरा झाला, जेवायला वाढा.’ त्याच वेळी पोट खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. मेयो असो, मेडिकल असो (ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल ते. खोकल्याच्या रुग्णाला धाप लागली तरी तेच.

अंगदुखीची गोळी परस्पर घेणं. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या अंतरानं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी दुकानातून आणतातच.

फक्त प्लेटलेट बघत बसणं. ‘पेशी किती झाल्या?’ हा एकच प्रश्न, आणि मग पपईच्या पानांचा रस. रक्तस्राव नसताना नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वाढतंय का, तेही विचारा. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असेल तर ते तिथे कळतं. ओआरएस, ताक, पेज थोडं थोडं देत राहा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

डासांच्या भीतीनं घर बंद करणं. इथे दोन साथी एकमेकींच्या विरोधात जातात. खिडक्या लावल्या की डास बाहेर राहतील, पण खोकणाऱ्याचा विषाणू आत कोंडेल. खिडकीला जाळी बसवा आणि खिडकी उघडी ठेवा. तापाच्या रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि रुग्णाला चावलेला डास पुढे घरच्यांना चावतो. खोकला असेल तर मास्क.

कूलर नुसता रिकामा करणं. पावसाळ्यात कूलर गॅलरीत तसाच पडून असतो. पाणी ओतून दिलं तरी टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी बारीक काळी अंडी चिकटलेली राहतात, आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. टाकी ब्रशनं घासा, उन्हात वाळवा, ताटीतलं गवत काढून टाका. पाणी साचलं तर आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या थाळ्याही त्याच दिवशी.