जेडाइटचा दागिना घेण्यापूर्वीची तयारी

जेड या नावाने विकल्या जाणाऱ्या जेडाइट खनिजाची बांगडी, माळ किंवा अंगठी घ्यायचे ठरले की दगड खरा की खोटा, हा प्रश्न सर्वांत आधी सुचतो. पण तेवढ्याने भागत नाही. दगड अस्सल जेडाइट असूनही तो आम्लात धुतलेला, पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलेला किंवा रंगवलेला असू शकतो, आणि किमतीतला मोठा फरक नेमका तिथेच पडतो. व्यापारात हे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात. वरून फक्त मेणाचा हात दिलेला तो ए, आम्लाने डाग काढून आतल्या पोकळ्यांत पॉलिमर भरलेला तो बी, रंग दिलेला तो सी आणि दोन्ही केलेला तो बी अधिक सी. यांपैकी बी प्रकार नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून दुकानात आपण स्वतः काय पाहायचे आणि प्रयोगशाळेकडे काय सोपवायचे, याची वाटणी घरीच करून निघावे.

जेड या नावाने दोन वेगळी खनिजे विकली जातात, जेडाइट आणि नेफ्राइट. त्यांतला फरक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अलेक्सिस दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिला. दागिन्यांतील उत्तम जेडाइट प्रामुख्याने म्यानमारच्या काचिन राज्यातून येते. याखेरीज इंडियन जेड म्हणून अ‍ॅव्हेंच्युरिन, न्यू जेड म्हणून सर्पेंटाइन आणि मलेशिया जेड म्हणून रंगवलेला क्वार्टझाइट विकला जातो. ही नावे बाजारात रूढ आहेत आणि ती वापरणारा प्रत्येक दुकानदार फसवतोच असे नाही, परंतु यांतला एकही दगड जेडाइट नव्हे. पाचूऐवजी हिरवा खडा म्हणून जेड घेणाऱ्यांनीही खड्याचे खनिज कोणते, हे लिहून घ्यावे. बुधाचे फळ मिळेल की नाही हे ज्योतिषाने पाहावे, पण पैसे जेडाइटचे द्यायचे असतील तर दगडही जेडाइटचाच हवा.

सोबत दहा पट मोठे दाखवणारे भिंग, बारीक झोताची विजेरी, पांढरा स्वच्छ रुमाल आणि थोडा मजबूत दोरा घ्यावा. बांगडी घ्यायची असेल तर माप आदल्या दिवशीच काढून ठेवावे. आपल्याकडे दोन-चार, दोन-सहा असे माप सांगतात, म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे चार किंवा सहा सोळांश. जेडच्या बांगडीचे माप मात्र बहुधा मिलिमीटरमध्ये सांगितले जाते, तेव्हा दोन-चार म्हणजे सुमारे ५७ आणि दोन-सहा म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर एवढे लक्षात असावे. सोन्याची बांगडी सोनाराकडे सैल करून मिळते. अखंड दगडातून कोरलेली ही बांगडी एकदा घट्ट झाली की घट्टच. माप शक्यतो संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात हात थोडा सुजलेला असतो.

दुकान ठाण्यात गोखले रोडवर असो, राम मारुती रोडवर असो किंवा वाशीच्या एखाद्या मॉलमध्ये, आतल्या प्रखर दिव्यांखाली रंगाचा निर्णय घेऊ नये. सकाळी उशिरा किंवा दुपारी जावे आणि दुकानदाराच्या परवानगीने दागिना दारापाशी आणून पांढऱ्या रुमालावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावा. मॉलमधल्या दुकानात हा उजेड पोचतच नाही, त्यामुळे तिथे फक्त दर विचारून यावे, असे माझे मत आहे. पावसाळी ढगाळ हवेत रंग किंचित मंद दिसेल. त्याने बिघडत नाही, कारण तशा उजेडात चांगला दिसणारा हिरवा रंग उन्हातही चांगलाच दिसतो. जांभळट छटेच्या दगडाचा रंग मात्र दिव्यागणिक बदलतो, तेव्हा तो दोन-तीन प्रकारच्या उजेडात पाहावा.

प्रत ठरवताना रंग, पारदर्शकता आणि पोत या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. क्रोमियममुळे येणारा, करडेपणा नसलेला, फार गडद किंवा फार फिका नसलेला आणि सगळीकडे सारखा पसरलेला हिरवा रंग सर्वांत महाग. लोहामुळे येणारा हिरवा बहुधा मळकट दिसतो. मात्र नुसत्या रंगावर भुलू नये. उत्तम दगडात उजेड आतपर्यंत शिरतो आणि भिंगातूनही त्याचे कण सहज दिसत नाहीत. भरड कणांचा दगड कितीही हिरवा असला तरी त्याची प्रत खालचीच. हा फरक कुठवर जातो याचे उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात विकली गेलेली २७ मण्यांची माळ, जिला सुमारे २ कोटी ७४ लाख अमेरिकी डॉलर मिळाले. तशी माळ ठाण्यात कोणी मागायला जाणार नाही, पण एकाच खनिजाच्या दोन बांगड्यांच्या किमती एकमेकींच्या जवळपासही नसतात, एवढा बोध त्यातून घ्यावा.

भिंगाने पाहायला पुरेसा वेळ हाताशी ठेवावा. दागिना असा तिरपा धरावा की दिव्याचे प्रतिबिंब त्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाईल, आणि त्या चकाकत्या पट्ट्याच्या कडेला काय दिसते ते पाहावे. प्रक्रिया न केलेल्या दगडावर संत्र्याच्या सालीसारखी सौम्य उंचसखल झिलई दिसू शकते. आम्लाने खाल्लेल्या दगडावर बारीक, एकमेकांना जोडलेल्या भेगांचे जाळे दिसते. रंगवलेल्या दगडात रंग कणांच्या सीमांवर आणि चिरांत साचून शिरांसारखा दिसतो. माळ असेल तर प्रत्येक मण्याचे भोक तपासावे, कारण रंग तिथे जास्त गडद साचतो. त्यानंतर बांगडीच्या आतून विजेरीचा झोत टाकत तिला पूर्ण फिरवावे. आडवी चीर दिसली की तिच्यावरून नख फिरवावे. नख अडले तर ती पृष्ठभागापर्यंत उघडी आहे, आणि बांगडीच्या जाडीत आरपार गेलेली अशी चीर कुठल्याही सवलतीत स्वीकारू नये. बांगडी दोऱ्याला टांगून नाण्याने हलकेच वाजवण्याची रीत आहे आणि चांगली बांगडी खणखणीत वाजते हे खरे, पण नाद चिरेमुळे किंवा आकारामुळेही बदलतो, त्यामुळे त्यावर निकाल देऊ नये. ओरखडा काढून पाहण्याचा सल्ला तर सरळ धुडकावून लावावा. बी प्रकारही त्यात उत्तीर्ण होतो, क्वार्टझही होतो, आणि नुकसान झाले तर ते आपल्या माथी.

सुट्या बांगडीची घनता दुकानातच मोजता येते. समजा बांगडी ५० ग्रॅमची आहे. सराफाच्या काट्यावर रुंद तोंडाचे पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि बांगडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न टेकवता धरावी. चिकटलेले बुडबुडे बोटाने काढावेत. काट्यावर सुमारे १५ ग्रॅम दिसले तर ५० भागिले १५ म्हणजे ३.३३, आणि जेडाइटची घनता याच्या आसपासच असते. नेफ्राइट असेल तर १७ च्या जवळ, अ‍ॅव्हेंच्युरिन असेल तर १९ च्या जवळ आकडा येईल. दगड जेडाइटच्या वजनाचा आहे की नाही एवढेच यातून कळते. त्यावर प्रक्रिया झाली आहे का, हे कळत नाही.

सोन्यात बसवलेल्या खड्यासाठी कोंदण मागून उघडे आहे का ते आधी पाहावे. बंद कोंदणाखाली चमकीचा कागद असू शकतो, खडा मागून पोखरून पातळ केलेला असू शकतो, आणि क्वचित तो दोन-तीन थर चिकटवून बनवलेलाही असतो. सोन्याचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासावा, मात्र तो शिक्का फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याविषयी काहीच सांगत नाही. खड्याचे वजन सोन्यातून वजा केले आहे ना, हेही पावतीवर पाहावे.

पॉलिमर आहे की नाही हे इन्फ्रारेड तपासणीत कळते, म्हणून थोड्याही मोठ्या रकमेच्या खरेदीत प्रयोगशाळेचा अहवाल मागावाच. अहवालातले छायाचित्र, वजन व मोजमाप हातातल्या वस्तूशी जुळवावे आणि अहवाल क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासावा. अहवाल नसेल तर इसार देण्यापूर्वी पावतीवर ‘नैसर्गिक जेडाइट, ए प्रकार’ असे आणि तपासणीत वेगळे निघाल्यास पूर्ण रक्कम परत, असे मुदतीसह लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाच्या जोरावर ग्राहक आयोगापुढे उभे राहणे अवघड जाते. दुकानदाराने हे लिहून देण्यास नकार दिला तर वस्तू कितीही आवडली तरी सौदा तिथेच थांबवावा. तपासणीसाठी ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशीहून हार्बरने कुर्ल्याला उतरून वांद्रे-कुर्ला संकुल गाठता येते, जिथे रत्नपरीक्षण प्रयोगशाळांची कार्यालये आहेत. निघण्यापूर्वी फोन करून जेडाइट तपासतात का, कोंदणात बसवलेला खडा घेतात का, शुल्क किती आणि अहवाल किती दिवसांत मिळेल हे विचारावे, आणि दागिना सुपूर्द करताना छायाचित्र काढून वजनासह पोच घ्यावी.