आधी रात्रीचं मीटर

विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्या दिवशी मी एक वही आणली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. रात्री कुलूप लावताना पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचा आकडा लिहा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. मैदानाचे फवारे त्या वेळात बंद हवेत. कोणी नसताना पाण्याचा आकडा वाढला, तर कुठेतरी गळतंय. आमचा रोज वाढायचा आणि ओल कुठेच दिसेना. शेवटी एकेका फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं थांबलो. तीन भांड्यांत रंग उतरला. तीन वॉशर बदलले आणि आकडा थांबला.

खरं लक्ष द्यायचं ते पोहण्याच्या तलावाकडे. पातळी उतरली की ‘ऊन फार आहे’ म्हणत पाणी सोडलं जातं. तसं करू नका. बादलीत तलावाचंच पाणी भरा, ती पायरीवर अशी ठेवा की आतली-बाहेरची पातळी सारखी राहील, आणि दोन्हीकडे खूण करा. भरणा बंद ठेवून चोवीस तासांनी बघा. सारखंच उतरलं असेल तर पाण्याची वाफ झाली. तलाव जास्त उतरला असेल तर गळती आहे. २५ बाय १२.५ मीटरच्या तलावात एक सेंटिमीटर म्हणजे ३,१२५ लिटर.

वाफ होताना पाणी उष्णताही घेऊन जातं, लिटरमागे साधारण दोन तृतीयांश युनिट. म्हणून तलाव तापवत असाल तर पैसे आधी रात्री तलावावर पसरायच्या आच्छादनावर घाला. सोबत ते गुंडाळायचं रीळ घ्याच. हाताने ओढायचं आच्छादन चार दिवसांत कोपऱ्यात जाऊन पडतं. आणि पोहणारे उतरण्याआधी ते पूर्ण निघालंच पाहिजे, अर्धवट आच्छादनाखाली माणूस अडकतो. इथे मी कुणाचंही ऐकत नाही.

फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुणं, ठरलेल्या वारी करू नका, दाबमापक बघून करा. स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा सुमारे अर्धा बार वाढला की करा, आणि बाहेर जाणारं पाणी नळीवरच्या काचेतून निवळ दिसलं की थांबा.

शॉवरखाली दहा लिटरची बादली धरा, घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर मिनिटाला पंधरा लिटर जातात. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर बसवलात तर आठ मिनिटांच्या आंघोळीत ५६ लिटर वाचतात, आणि पाणी वीस अंशांनी तापवत असाल तर १.३ युनिट वीजही. गरम पाण्याच्या टाकीचं तापमान मात्र ६० अंशांखाली आणू नका. कोमट टाकीत लेजिओनेला हे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू वाढतात. थंड पाणी नळापाशी मिसळा.

१०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ७,१४० लिटर. पहाटे द्या. त्याआधी मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसा. सहज आत गेला तर त्या दिवशी फवारे नकोत.

हॉलमधले जुने मेटल हॅलाइड दिवे बंद केले की पुन्हा पेटायला बराच वेळ घेतात, म्हणून कोणी ते मालवतच नाही. एलईडी लगेच लागतात. बदलताना प्रत्येक कोर्टाचं बटण वेगळं करून घ्या, म्हणजे दोघं खेळत असताना सगळा हॉल उजळावा लागणार नाही.