हर्बल, लाइट, बिडी की व्हेप: कॅन्सरचा धोका कसा जोखायचा

पाकिटावर काय छापलंय ते सोडा, आधी बघा की ती वस्तू जळते का. तुळस असो, पुदिना असो नाहीतर गुलाबाच्या पाकळ्या, पेटवून धूर आत ओढला की टार (धुरातला चिकट काळा गाळ), कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं येणारच, कारण ती जळण्यातूनच तयार होतात, त्यांना तंबाखू लागत नाही. हर्बलमध्ये निकोटिन नसतं हे खरंय, पण निकोटिन सवय लावतं, कॅन्सर मुख्यतः धुरातल्या बाकीच्या गोष्टींमुळे होतो.

मग बघा तंबाखू आहे का. असेल तर एनएनके आणि एनएनएन ही नायट्रोसामाइन्स म्हणजे तंबाखूतली रसायनं आलीच, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, दोन्ही पहिल्या गटात टाकलीयत, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारी. इथे बिडीवाले म्हणतात आमची छोटी, देशी, पानाची. अहो, तंबाखू कमी असते पण ती सारखी विझते म्हणून जोरजोरात ओढावी लागते, आणि टार सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच.

'लाइट' सिगारेटचा टारचा आकडा तर विसराच. फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीनवर टेस्ट करताना त्यातून हवा मिसळते आणि टार कमी दिसतं, माणूस ओढतो तेव्हा बोटांनी नाहीतर ओठांनी तीच भोकं झाकली जातात आणि झुरकाही खोल घेतला जातो. अमेरिकेत २०१० पासून लाइट, माइल्ड असं छापायलाच बंदी आहे.

व्हेपमध्ये, म्हणजे लिक्विड तापवून वाफ ओढायच्या ई-सिगारेटमध्ये, जळत काही नाही त्यामुळे कॅन्सरकारक द्रव्यं सिगारेटपेक्षा बरीच कमी, हे मान्य करायला हवं. पण लिक्विड तापवणारी तार, म्हणजे कॉइल, जास्त तापली की फॉर्मल्डिहाइड बनतं, आणि हे यंत्र बाजारात आलं २००३-०४ च्या सुमारास, फुफ्फुसाचा कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणजे हिशोब अजून पूर्ण झालेलाच नाही. शिवाय भारतात २०१९ पासून व्हेप विकायलाच बंदी, त्यामुळे इथे चोरून मिळणाऱ्या लिक्विडमध्ये काय आहे हे कोण तपासणार? तंबाखू नुसती तापवणारी यंत्रंही त्याच कायद्यात येतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये अशा एका यंत्राला 'विषारी द्रव्यांशी संपर्क कमी' असं म्हणू दिलं, 'धोका कमी' असं म्हणू दिलं नाही, हा फरक नीट वाचा.

शेवटी स्वतःला विचारा की जुनी सिगारेट सुटली का, की दोन्ही चालू आहेत? दोन्ही चालू असतील तर फायदा जवळजवळ शून्य, कारण दिवसाला किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढता हे फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी जास्त महत्त्वाचं आहे. सोडायचीच असेल तर निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो आणि तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो.