घरी बीपी मोजताना: मशीन, पट्टा, वही आणि मीठ

दवाखान्यात 156, घरी आल्यावर 132, शेजारच्या काकांच्या मशीनवर 145, मग खरं कुठलं मानायचं? घरात कुणाला बीपीची गोळी सुरू झाली की हा प्रश्न पडतोच. तर तिन्ही खरे असू शकतात, बीपी दिवसभर वरखाली होतंच, जिना चढलात वाढलं, भांडलात वाढलं, लघवी तुंबवून बसलात तरी वाढलं. म्हणून घरी मोजायचं ते एकेका आकड्यासाठी नाही, आठवडाभराच्या सरासरीसाठी. हे डोक्यात बसलं की निम्मं टेन्शन जातं.

मशीन दंडाला पट्टा लावायचं डिजिटलच घ्या. मनगटाचं सुटसुटीत दिसतं पण हात जरा वरखाली झाला की काहीही आकडे दाखवतं, आणि हातातल्या घड्याळाच्या बीपीवर तर गोळ्या ठरवूच नका. घ्यायच्या आधी शिवणाच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा, पट्टा किती सेंटीमीटरचा ते बॉक्सवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा 22 ते 32. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोटा ओढूनताणून बसवला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

आता मोजायचं कसं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी आणि गोळीच्याही आधी. चहा, तंबाखू, मिश्री झाली असेल तर अर्धा तास थांबा (मिश्रीला बरेच जण तंबाखूत धरतच नाहीत, पण ती तंबाखूच). खुर्चीत पाठ टेकून, पाय सपाट जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मांडी नको, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्यावर येईल, टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली चादरीची घडी घ्या. घट्ट बाहीचा ब्लाऊज असेल तर बाही वर गुंडाळू नका, ती दंडाला दोरी बांधल्यासारखी आवळते, त्यापेक्षा सैल गाऊन घालून मोजा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर. आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही, "किती आलं, किती आलं" विचारणाऱ्यांनाही गप्प करा.

एका मिनिटाने परत मोजा. संध्याकाळी जेवणाआधी असंच दोनदा. डॉक्टरकडे जायच्या आधी सात दिवस हे करा, पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती 135/85 (आधी वरचा आकडा, मग खालचा) किंवा जास्त आली तर बीपी जास्त धरतात, दवाखान्यात हीच रेघ 140/90 असते.

आकडे वहीत लिहा. कालनिर्णयच्या चौकोनात दूध न् गॅस आधीच बसलेले असतात, आणि मशीनच्या मेमरीत आई-बाबांचे आकडे एकमेकांत मिसळतात. जास्त आलं की परत परत मोजून त्यातलं कमी तेवढं लिहायचं हा उद्योग घरोघरी चालतो, तो करू नका, डॉक्टर त्या वहीवरूनच डोस ठरवणारेत.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा, जास्त येतं तोच हात पुढे कायम धरा, फरक दरवेळी 15 च्या आसपास किंवा वर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. वयस्कर माणसाला उठल्यावर गरगरत असेल तर बसून एकदा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांत एकदा मोजा, वरचा आकडा 20 ने खाली आला तर तेही सांगा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, सांगितलं तर डॉक्टर बदलून देतात. उलट गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन बीपी वाढवू शकते, ते मात्र कुणी सांगत नाही.

मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळंच आलं. भाजीतलं कमी करून ताटात लोणचं, पापड, फरसाण, सुकट असेल तर काय उपयोग, पापडखारातही सोडियमच असतं. सैंधवही मीठच, उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर न विचारता आणू नका.

180/120 च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच आलं पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, मनाने जादा गोळी नको, जिभेखाली तर नकोच. छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, हातातली ताकद गेलीय, बोलणं अडखळतंय, तर मशीन बाजूला ठेवा आणि 108 लावा. गरोदर बाईला 140/90 आलं तरी लगेच दवाखाना.

पुढच्या व्हिजिटला वहीबरोबर मशीनही पिशवीत टाका, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघता येतं, आणि पट्टा नीट लावताय की नाही ते तिथेच दाखवून घ्या.