जुन्या लष्करी रिसीव्हरचा पॉवर सप्लाय कसा दुरुस्त करावा

दुसऱ्या महायुद्धातला आरसीए कंपनीचा एआर-८८ हा रेडिओ रिसीव्हर हाती लागला, की आधी प्लग खोचून बघायची खाज सुटते. ती दाबा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कंडेन्सरवर एकदम पूर्ण व्होल्टेज गेलं, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्लग काढला तरी एचटीच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या) कंडेन्सरवर चार्ज राहतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने तो चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) उतरवा आणि मीटर शून्य दाखवल्यावरच आत हात घाला. रबराच्या वायरचा भुगा होत असेल तर तीन कोअरची वायर टाका, अर्थ थेट चासीला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घातलं नाही तर ती तिसरी वायर नुसती शोभेची.

सॉकेटमधलं व्होल्टेज दोनदा मोजा: शेतातल्या मोटारी चालू असताना आणि रात्री उशिरा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (मेन व्होल्टेज निवडायची जोडणी) मोठ्या आकड्याप्रमाणे लावा.

आता ५वाय३ हा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह काढा आणि सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटचा करंट बल्बमधून जाईल असा, १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब लावून सेट चालू करा. बल्ब आधी जोरात पेटून मंद झाला, तर ठीक. व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) तेवढा करंट घेणारच. भगभगीत पेटूनच राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

खरं काम कंडेन्सरचं. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, बाकीच्या व्हॉल्व्हना वेळ लागतो. तेवढ्या वेळात लोड नसल्याने एचटी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं, म्हणून ४५० व्होल्ट डीसीच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर माझा भरवसा नाही. या सेटमध्ये मुळात ४ मायक्रोफॅरडचे तीन, तेलाच्या डब्यात. त्यांच्या जागी ४४० व्होल्ट एसीचे, ४ मायक्रोफॅरडचे पंख्याचे कंडेन्सर बसवा; ४४० एसीचं शिखर सुमारे ६२० व्होल्ट असतं, तेवढं ते सोसतात. परभणी असो की उदगीर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतात. जुन्या डब्याच्या तारा सोडवून तो जागेवरच राहू द्या. फोडू नका, जुन्या तेलात विषारी रसायन असू शकतं.

चोकची (फिल्टरमधल्या तारेच्या गुंडाळीची) तार सलग आहे ना आणि चासीला शॉर्ट नाही ना, एवढं मीटरने पाहा. मग ५वाय३ परत लावून पुन्हा बल्बमधूनच सुरुवात. ५वाय३च्या जागी डायोड टाकायचा सल्ला देणारे भेटतील; पण त्या व्हॉल्व्हवर पडणारे जवळपास ५० व्होल्ट वाचतात आणि सगळे पुढच्या पार्ट्सच्या डोक्यावर बसतात.

अर्ध्या तासाने सेट बंद करून, प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची घुमघुम राहिली तर फिल्टर (ते कंडेन्सर आणि चोक) पुन्हा तपासा. ५० हर्ट्झची असेल तर एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटरचा करंट शेजारच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) लीक होतोय.